हिवाळा वगळून हिवाळ्याचा न्याय : ओंटारिओ प्रांताच्या दोषनिश्चिती नियमांची चिकित्सा

प्रास्ताविक

कायद्याचा मजकूर हा समीक्षेचा विषय होऊ शकतो का, असा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. कथा, कविता, नाटक यांच्या संहितेकडे ज्या बारकाईने पाहण्याची आपल्याला सवय आहे, त्या बारकाईने आपण एखाद्या विनियमाकडे पाहत नाही. विनियम वकिलांनी वाचावा आणि इतरांनी पाळावा अशी कामाची वाटणी झालेली दिसते. वास्तविक, विनियमातही निवेदन असते, पात्रे असतात, घटना असते; आणि मुख्य म्हणजे काय सांगावयाचे व काय गाळावयाचे याची निवड असते. प्रस्तुत लेखात अशाच एका मजकुराची चिकित्सा करावयाची आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील विमा कायद्याखालचा १९९० चा विनियम क्रमांक ६६८, म्हणजेच मोटार अपघातातील ‘दोषनिश्चिती नियम’, हा तो मजकूर होय.

निवडीचे कारण सरळ आहे. ओंटारिओत वर्षातील चार-पाच महिने रस्त्यावर बर्फ असते. पडलेले बर्फ दाबून काचेसारखे होते. कधी ओल्या डांबरावर इतका पातळ व पारदर्शक थर धरतो की खालचा काळा रस्ताच दिसत राहतो. तेथील लोक त्याला ‘ब्लॅक आईस’ म्हणतात. अशा रस्त्यावर गाडी घसरून दुसऱ्या गाडीवर आदळली तर दोष कोणाचा, आणि कोणत्या विमा कंपनीने किती भरावयाचे? सर्वसामान्य माणूस उत्तराची सुरुवात हवामानापासून करील. विनियमाचा तिसरा नियम मात्र सांगतो की, विमाधारकाच्या दोषाचे प्रमाण ठरविताना ज्या परिस्थितीत घटना घडली ती परिस्थिती विचारात घ्यावयाची नाही. हवामान, रस्त्याची अवस्था, दृश्यमानता आणि पादचाऱ्यांचे वर्तन या गोष्टी त्यात नाव घेऊन वगळल्या आहेत. गाडीच्या कोणत्या भागाला धक्का बसला, हेही वगळले आहे.

हा लेख गाडीच्या नुकसानीपुरता मर्यादित आहे. शारीरिक इजा व मृत्यू यांच्या भरपाईची व्यवस्था ओंटारिओत वेगळी आहे आणि तिचे प्रश्नही वेगळे आहेत.

‘दोषनिरपेक्ष’ या शब्दाचा घोटाळा

ओंटारिओने जून १९९० मध्ये मोटार विम्याची जी पद्धत स्वीकारली तिला बोलीत ‘नो-फॉल्ट’ विमा म्हटले जाते. आपल्या काही पुस्तकांतून या संज्ञेचा ‘निर्दोष’ असा अनुवाद आढळतो, तो दिशाभूल करणारा आहे. ‘दोषनिरपेक्ष’ हा शब्द त्यापेक्षा बरा. पण वाहनाच्या नुकसानीच्या बाबतीत तोही पुरेसा खरा नाही. कारण या पद्धतीत दोष विचारला जातोच, किंबहुना सर्वांत आधी तोच विचारला जातो. फरक एवढाच की, आपल्या गाडीचे नुकसान भरून घेण्यासाठी समोरच्या चालकाच्या विमा कंपनीकडे जावे लागत नाही. स्वतःचीच कंपनी पैसे देते. विमा कायद्याच्या कलम २६३ नुसार आपण जितके दोषी नाही तितक्या प्रमाणात आपली कंपनी आपल्याला भरपाई देते, आणि गाडीच्या नुकसानीसाठी दुसऱ्या चालकावर दावा लावण्याचा हक्क त्याबरोबर संपतो. थेट भरपाई असे या तरतुदीचे स्वरूप आहे.

उरलेला भाग, म्हणजे आपण जितके दोषी ठरलो तितका भाग, ज्याने ‘कोलिजन’ नावाचे ऐच्छिक संरक्षण विकत घेतले असेल त्यालाच मिळतो, तोही वजावट सोसून. ज्याची गाडी जुनी आहे आणि ज्याने हप्ता परवडत नाही म्हणून हे संरक्षण घेतलेले नाही, तो शंभर टक्के दोषी ठरला तर त्याच्या गाडीचे त्याला काहीही मिळत नाही. पुढील वर्षांच्या हप्त्यावर दोषाच्या नोंदीचा परिणाम होतो तो वेगळाच. टोरोंटोच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी जी नव्याने तेथे गेली आहेत, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पहिल्या हिवाळ्यात, जुन्या गाडीतून, बर्फावर ब्रेक कसा लावावा हे शिकत असतानाच हा विनियम त्यांना भेटतो.

नियमांची अंतर्गत रचना

विनियमाचे निवेदन अत्यंत आटोपशीर आहे. त्यात माणसे जवळजवळ नाहीत; इंग्रजी मुळाक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या गाड्या आहेत. सोयीसाठी आपण त्यांना अ, ब, क म्हणू. सोबत साध्या रेषाकृती आहेत : चौकोनी गाड्या, बाण, मार्गिका. आकृत्या केवळ स्पष्टीकरणार्थ आहेत असे विनियमच दुसऱ्या नियमात सांगतो. एकाच मार्गिकेत एकाच दिशेने जाणाऱ्या दोन गाड्यांपैकी अ ला मागून ब आदळली, आणि अ थांबलेली किंवा पुढे जात असलेली असेल, तर अ चा चालक दोषी नाही व ब चा चालक शंभर टक्के दोषी. समोरासमोरच्या धडकेत ब गाडी मध्यरेषेच्या पलीकडे आलेली असेल तर ब शंभर टक्के दोषी. दोन्ही गाड्या मध्यरेषेवर असतील, किंवा त्या कोठे होत्या हे कळण्याचा मार्ग नसेल, तर प्रत्येकी पन्नास टक्के.

येथे मराठीच्या अभ्यासकाला एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. असा प्रसंग सांगताना आपण ‘गाडी घसरली’ असे म्हणतो. ‘मी गाडी घसरवली’ असे कोणी म्हणत नाही. ‘घसरणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. त्याचा कर्ता गाडी असते आणि चालकाचा हेतू त्या वाक्यात शिरत नाही. विनियमाच्या व्याकरणात थांबणे, पुढे जाणे, वळणे, मार्गिका बदलणे आणि आदळणे अशी क्रियापदे आहेत. घसरण्याला तेथे काही काम उरत नाही. जी गाडी आदळली ती आदळली. बर्फावर घसरत आलेली गाडी आणि चालक मोबाईल पाहत असल्यामुळे आदळलेली गाडी यांचे वर्णन विनियमाच्या भाषेत एकच होते.

या समानीकरणाच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रथम नोंदविले पाहिजे, कारण ते कमी नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर व रस्ता यांतील घर्षणांक साधारण ०.७ धरला तर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला, ब्रेक लागल्यानंतर, थांबण्यास सुमारे १४ मीटर लागतात. दाबलेल्या बर्फावर तो ०.२५ धरला तर सुमारे ४० मीटर, आणि गुळगुळीत हिमस्तरावर ०.१ धरला तर ९८ मीटरच्या आसपास. मागून येणाऱ्या चालकाला हे अंतर वाढविता येते, वेग कमी करता येतो, हिवाळी टायर बसविता येतात, प्रवास टाळताही येतो. पुढच्याच्या हाती यातले फारसे काही नाही. तेव्हा, हवामान वाईट होते हे मागच्या चालकाचे निमित्त होऊ शकत नाही, उलट अधिक सावध राहण्याचे कारण होते, हा युक्तिवाद बळकट आहे. शिवाय ज्या प्रदेशात हिवाळा दरवर्षी न चुकता येतो तेथे बर्फाला आकस्मिक आपत्ती कसे म्हणावे? आपण कोकणात पावसाला आकस्मिक म्हणत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे वेग. एखाद्या हिमवादळाच्या दिवशी शेकडो लहान धडका होतात. प्रत्येकीचे हवामान तपासावयाचे ठरले तर भरपाई पुढच्या हिवाळ्यात मिळेल.

परंतु हा युक्तिवाद विनियमाने केलेला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. वाईट हवामानात चालकाने अधिक काळजी घ्यावी असे तिसरा नियम म्हणत नाही; हवामानाचा विचारच करू नये असे म्हणतो. या दोन विधानांत मोठे अंतर आहे. पहिल्या विधानात हिवाळा चालकाचे कर्तव्य वाढवितो, म्हणजे तो हिशेबात आहे. दुसऱ्यात तो हिशेबातच नाही. म्हणून ज्याने ताशी ३० किलोमीटर वेग ठेवला, हिवाळी टायर बसविले, पुरेसे अंतर राखले आणि तरीही जो अदृश्य हिमस्तरावरून घरंगळत गेला, तो व ज्याने यांपैकी काहीच केले नाही तो, दोघेही शंभर टक्के दोषी. ओंटारिओत १ जानेवारी २०१६ पासून हिवाळी टायर बसविणाऱ्यास हप्त्यात सवलत देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. म्हणजे हप्ता घेताना टायर पाहिले जातात, दोष ठरविताना पाहिले जात नाहीत.

साखळी अपघाताचे गणित

विनियमातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग नवव्या नियमात आहे. एकाच मार्गिकेत एकामागोमाग चाललेल्या तीन गाड्या घेऊ. टोरोंटोजवळून जाणाऱ्या ४०१ क्रमांकाच्या महामार्गावर अ, ब, क चालल्या आहेत. बर्फामुळे ब गाडी अ वर आदळते आणि क गाडी ब वर. तिन्ही गाड्या चालत्या असतील तर अ आणि ब यांच्या धडकेत अ निर्दोष व ब पन्नास टक्के दोषी. ब आणि क यांच्या धडकेत ब निर्दोष व क शंभर टक्के दोषी. प्रत्येक धडकेचा विचार दुसऱ्या धडकेचा संदर्भ न घेता करावयाचा, असेही नियम बजावतो.

आता बेरीज करून पाहावी. अ-ब धडकेत अ कडे शून्य, ब कडे पन्नास. उरलेले पन्नास कोठे गेले? ते क चे असावेत असा तर्क स्वाभाविक आहे, कारण ब ला पुढे ढकलण्यात क चा हात असू शकतो. पण नियम तसे म्हणत नाही, आणि दुसऱ्या धडकेकडे पाहू नका अशी त्याचीच आज्ञा आहे. केवळ क चालती असून अ व ब थांबलेल्या असतील, तर अ-ब धडकेत दोघेही निर्दोष. म्हणजे बेरीज शून्य. याउलट अकराव्या नियमात, तीन किंवा अधिक गाड्यांच्या ढिगाऱ्यात, प्रत्येक दोन गाड्यांच्या धडकेत दोघांनाही पन्नास-पन्नास.

याला लेखनातील ढिलाई म्हणून सोडून देता येईल, पण तसे करणे योग्य नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे विनियमाचे खरे स्वरूप उघड होते. कंपनीने ‘आपल्या विमाधारकाच्या’ दोषाचे प्रमाण ठरवावे, एवढेच दुसरा नियम सांगतो. दोन चालकांत दोष वाटून देण्याचे काम त्याने पत्करलेलेच नाही. येथे दोष हा दोन माणसांमधील संबंध नसून एक माणूस आणि त्याची कंपनी यांच्यातील खात्याची नोंद आहे. म्हणूनच बेरीज शंभर होण्याची गरज नाही. चौथा नियमही याच दृष्टीने वाचावा लागतो : एकाहून अधिक नियम लागू होत असतील तर विमाधारकास सर्वांत कमी दोष देणारा नियम ग्राह्य धरावा, मात्र दोन गाड्यांच्या घटनेत एका नियमाने शंभर आणि दुसऱ्याने शून्य असे येत असेल, तर पन्नास धरावा. सत्य शोधणारा मजकूर असे बोलत नाही. तडजोड करून खाते मिटविणारा मजकूर असे बोलतो, आणि खाते मिटविण्यात गैर काहीच नाही. गैर एवढेच की, त्याने त्या नोंदीसाठी ‘दोष’ हा शब्द वापरला. हा शब्द विमा कंपनीच्या कार्यालयाबाहेर पडला की आपला जुना नैतिक अर्थ सोबत घेऊन फिरतो. पत्र हाती आलेल्या माणसाला आपण नियम क्रमांक सहाखाली वर्गीकृत झालो असे वाटत नाही. आपण चुकलो असे त्याला सांगितले गेलेले असते.

पालिकेचा हिवाळा आणि चालकाचा हिवाळा

त्याच प्रांतातील दुसरा एक मजकूर शेजारी ठेवला की तिसऱ्या नियमाचे वेगळेपण अधिक जाणवते. नगरपालिकांच्या रस्त्यांच्या किमान देखभालीचा २००२ चा विनियम क्रमांक २३९ हिवाळ्याची अत्यंत बारकाईने दखल घेतो. रस्त्यांचे वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गाच्या रस्त्यावर २.५ सेंटिमीटरपेक्षा अधिक बर्फ साचले तर हिमवर्षाव थांबल्याचे कळल्यापासून ४ तासांत ते त्या पातळीवर आणावयाचे. दुसऱ्या वर्गासाठी ५ सेंटिमीटर व ६ तास. तिसऱ्यासाठी ८ सेंटिमीटर व १२ तास. चौथ्यासाठी तेच ८ सेंटिमीटर, पण १६ तास. पाचव्यासाठी १० सेंटिमीटर व २४ तास. हे मानक पाळले गेले असेल तर पालिकेला त्या बाबतीत बचाव मिळतो. २०१८ च्या दुरुस्तीने तर पालिकेला ‘लक्षणीय हवामान घटना’ जाहीर करण्याचा अधिकार दिला. अशी घोषणा झाली की, हवामानावर लक्ष ठेवून साधनसामग्री योग्य वाटेल तशी लावली असता, घटना संपल्याचे जाहीर होईपर्यंत रस्ता बर्फाच्या संदर्भात सुस्थितीत असल्याचे मानले जाते.

दोन्ही मजकुरांचे प्रयोजन भिन्न आहे हे मान्य. एक उत्तरदायित्वाचा बचाव सांगतो, दुसरा विमा कंपन्यांची अंतर्गत विभागणी. तरीही एकाच रस्त्यावरील एकाच रात्रीचा विचार करता चित्र विचित्र दिसते. पालिकेसाठी हिवाळा सेंटिमीटर आणि तासांत मोजला जातो, वादळ जाहीर करता येते, मुदत मिळते. त्याच रस्त्यावरून कामावर निघालेल्या चालकाला वादळ जाहीर करता येत नाही. त्याच्या बाबतीत जणू आकाश निरभ्रच होते.

सामान्य न्यायतत्त्वे याहून वेगळ्या मार्गाने गेली आहेत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली फाँटेन खटल्यात दिलेला निर्णय या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ब्रिटिश कोलंबियात, वादळी पावसाच्या सुमारास शिकारीस गेलेल्या दोघांची गाडी डोंगरी रस्त्यावरून खाली पुराच्या ओढ्यात गेली. ती काही काळाने सापडली. साक्षीदार कोणी नव्हता. गाडी रस्त्यावरून उतरली याच वस्तुस्थितीवरून चालकाचा निष्काळजीपणा गृहीत धरावा, हे म्हणणे न्यायालयाने स्वीकारले नाही. घटना स्वतःच बोलते, हे जुने लॅटिन सूत्र स्वतंत्र नियम म्हणून यापुढे वापरू नये असेही त्याने सांगितले. हवामानासह सर्व परिस्थितीजन्य पुरावा एकत्र तोलावयाचा, ही भूमिका. तिसरा नियम याच्या नेमका उलट आहे : तेथे घटना स्वतःच बोलते, आणि परिस्थितीला बोलू दिले जात नाही.

आपल्या कायद्याशी एक तुलना

भारतातील व्यवस्थेशी तुलना केल्यास दोषाचा प्रश्न किती निरनिराळ्या ठिकाणी विचारता येतो हे दिसते. आपल्याकडे सर्वसमावेशक विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी दोष बहुधा विचारलाच जात नाही. भरपाई घेतली की ‘नो क्लेम बोनस’ जातो. तो पुढच्याने धडक दिली म्हणून जातो की आपण घाटातल्या धुक्यात कठड्यावर आदळलो म्हणून जातो, याला महत्त्व नाही. ही पद्धत अधिक न्याय्य आहे असे म्हणण्याचे धाडस होत नाही, कारण निरपराध माणूसही तीत सवलत गमावतो. पण ती त्याला दोषी म्हणत नाही.

माणसाच्या इजेच्या बाबतीत आपला प्रवास याहून लक्षणीय आहे. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाईची जबाबदारी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. १९८२ च्या दुरुस्तीने मृत्यूसाठी १५,००० व कायम अपंगत्वासाठी ७,५०० रुपये दोषनिरपेक्ष देण्याची तरतूद आली. २००१ मध्ये कौशनुमा बेगम खटल्यात, जीपचा टायर फुटल्यामुळे झालेल्या मृत्यूच्या प्रसंगी, कोणाचाही निष्काळजीपणा नाही हे गृहीत धरूनही १८६८ च्या रायलंड्स खटल्यातील कठोर दायित्वाचे तत्त्व लावून न्यायालयाने वारसांना भरपाई मिळवून दिली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळण्यास दोष सिद्ध करावा लागत नाही. येथे दोष बाजूला ठेवला तो पीडिताच्या हाती काही पडावे म्हणून. ओंटारिओच्या विनियमाने दोष ठेवला आणि परिस्थिती बाजूला सारली, ती कंपन्यांची कागदपत्रे लवकर मिटावीत म्हणून. दोन्हींना एकच ‘नो-फॉल्ट’ असे नाव देणे किती फसवे आहे, हे यावरून कळावे.

कलम २६३ मधील फट

ओंटारिओच्या विधिमंडळाला या त्रुटीची कल्पना नव्हती असे मात्र नाही. विनियमाच्या पाचव्या नियमात, एखादी घटना कोणत्याही नियमात बसत नसेल, किंवा दोष ठरविण्याइतकी माहिती नसेल, तर सामान्य न्यायतत्त्वांनी निर्णय करावा असे म्हटले आहे. त्याहून महत्त्वाचे कलम २६३ चे चौथे उपकलम आहे. नियमांनी ठरविलेला दोष आपल्या प्रत्यक्ष दोषाशी जुळत नाही असे वाटणाऱ्या विमाधारकास स्वतःच्या कंपनीविरुद्ध दावा लावता येतो, आणि तो वाद सामान्य न्यायतत्त्वांनी सुटतो. ‘नियमांनी ठरविलेला’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे दोन दोष कायद्यानेच येथे वेगळे मानले आहेत. वर जो भेद आपण मजकुराच्या वाचनातून काढला, तो मूळ कायद्यात कबूल केलेला आहे; कंपनीच्या पत्रातला ‘दोष’ मात्र यांपैकी कोणता, हे त्या शब्दावरून कळत नाही.

ही वाट व्यवहारात अरुंद आहे. दावा स्वतःच्याच कंपनीविरुद्ध लावावयाचा. गाडीची किंमत चार-पाच हजार डॉलर असेल तर वकिलाच्या शुल्कातच ती संपते. लघुदावा न्यायालयात वकिलाविना जाता येते हे खरे. पण तेथे पोहोचल्यावर हवामान पुन्हा प्रस्तुत होते, आणि ते सिद्ध करण्याची सामग्री चालकापाशी बहुधा नसते. हवामानाने काही फरक पडत नाही असे ज्याला पहिल्याच दूरध्वनीत सांगितले गेले, तो रस्त्याची छायाचित्रे कशाला काढील, टायर विकत घेतल्याची पावती कशाला जपेल, मागून येणाऱ्या गाडीच्या चालकाचे नाव कशाला विचारील? तारीख लागेपर्यंत एप्रिल उजाडलेला असतो आणि त्या वळणावर कोरडे डांबर असते.